चांदीच्या पोटातलं विरजण

मंडळी, घरात काही बिघडलं की आपली नजर आधी कुणाकडं जाते? नव्या माणसाकडं! सोलापूरच्या वेशीबाहेर राहणाऱ्या अक्कम्माचीही तिकडंच गेली.

तिची चांदी ही संकरित गाय म्हणजे अख्ख्या आळीचा तोरा. बहात्तरच्या दुष्काळातून सावरल्यावर मोठ्या हौसेनं घेतलेली. बैलांचा कारहुणवीचा सण झाला न झाला तोच चांदीनं रवंथ सोडला, कडब्याकडं पाठ फिरवली आणि दूध पार आटलं. शेजारची गोजाबाई कुजबुजली, "नवी सून आली आन् गाय बसली. पायगुण म्हणायचा, दुसरं काय!"

अक्कम्माला ते पटलं. तिनं सुनेला, दाक्षायणीला, फर्मावलं, "सकाळच्या एसटीनं मैंदर्गीला माहेरी जा. गाय उठली तर बोलावीन." पोरगी डोळे पुसत ट्रंक भरायला लागली. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं हो!

मुलगा बसवराज आईपुढं बोलणारा नव्हता. पण जनावरांच्या डॉक्टरांना मात्र तो सायकलवर बसवून घेऊन आला.

डॉक्टरांनी चांदीची डावी कूस दाबून पाहिली. "पोट आंबलंय. सणाला हिला काय घातलंत?"

अक्कम्माला सणाची बादली आठवली. कारहुणवीला बैलांना हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, चारायची रीत. 'माझ्या दुभत्या लेकीनं काय पाप केलंय?' म्हणून तिनं बादलीभर हुग्गी चांदीपुढं ठेवली होती. "आत्याबाई, लई होईल," म्हणणाऱ्या सुनेला तिनंच गप्प केलं होतं. आता डॉक्टरांकडं पाठ करून ती गोठ्यातलं शेण भरायला लागली.

तेवढ्यात दाक्षायणी म्हणाली, "हुग्गी जास्त झाली, डॉक्टर. मीच घातली."

अक्कम्मा गर्रकन वळली. जिला आपण घराबाहेर काढतोय, ती आपल्यावर पांघरूण घालतीय!

"न्हाय वो डॉक्टर!" ती एकदम ओरडली. "खोटं बोलतीया ती! बादली म्या ठेवली. ही नको म्हणत हुती आन् मी तिलाच घालवायला निघाले!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अक्कम्मा, गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक जीव असतात. कडबा तेच पचवतात. एकदम एवढं गोड पडलं की पोट आंबतं आणि ते मरतात. मग गाय खाणार कशी? यात सुनेच्या पायाचा काय संबंध? दही लागलं नाही तर आपण नवं विरजण घालतो ना? तसंच निरोगी जनावराचा रवंथ हिच्या पोटात घालायचा."

त्यांनी आधी खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला. मग रवंथ करणाऱ्या बैलाचा जबडा बसवराजनं धरला आणि दाक्षायणीनं न कचरता तोंडात हात घालून रवंथ काढला. डॉक्टरांनी तो कोमट पाण्यात कालवला, त्यात यीस्टची पूड टाकली आणि हळूहळू चांदीला पाजला. "असंच रोज पाजा. खीर बंद, फक्त वाळला कडबा," एवढं बजावून ते गेले.

दाक्षायणी गोठ्यातून हलेना. तिच्या जोडीला अक्कम्माही बसली. काही दिवसांनी चांदीनं कडब्याची ताटं ओढली, मग निवांत बसून रवंथ सुरू केला. अक्कम्मानं सुनेला कडकडून मिठी मारली.

दूध पुन्हा चढलं तशी गोजाबाई आली. "अगं, सुनेचा पायगुण चांगलाच निघाला की!"

"पायगुणाचं नाव काढू नको, गोजे!" अक्कम्मा कडाडली. "उद्या गाय पुन्हा आजारली तर हिलाच नावं ठेवशील. गाय माझ्या वेड्या मायेनं बसली आन् औषधानं, हिच्या कष्टानं उठली. माझी चूक सोताच्या अंगावर घेणारी सून हाय ही! आळीत मान ताठ करून सांगीन मी!"

मंडळी, बिघाडाचं कारण हुडकायला डोकं लागतं आणि आपली चूक कबूल करायला छाती लागते. एखाद्या गरीब पोरीच्या माथी दोष मारायला मात्र काहीच लागत नाही. म्हणूनच ते सोपं काम आपण सोडलं पाहिजे!