तोंड फुगवणारं घराणं

"डॉक्टर, आमच्या घराण्यात ॲलर्जी औषधालासुद्धा सापडणार नाही!" बाबा खुर्चीत रेलून म्हणाला.

त्याच्या मांडीवर छकुली होती, ओठ अजून सुजलेले. शाळेत कुणाच्या तरी डब्यातलं काहीतरी खाल्लं आणि श्वास अडकला, तोही दुसऱ्यांदा. ते 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, एवढंच आईला हवं होतं.

"अहो, मामंजींना अंडं चालत नाही ना?" आईने विचारलं.

"त्यांना अंड्याचा राग येतो. लालबुंद होतात."

"मोठे काका?"

"मांजर दिसलं की गळा भरून येतो त्यांचा. हळवा स्वभाव."

"आणि वन्सं?"

"ताई शेंगदाणे खाल्ले की तोंड फुगवून बसते. लहानपणापासून मानी!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घराणं आहे की प्रदर्शन? मुलीची टेस्ट करू. तोवर आठवडाभर ॲलर्जीचं औषध बंद."

टेस्ट म्हटल्यावर बाबा खुर्चीत ताठ बसला. कॉपी केल्याशिवाय या घरातलं कुणी आजवर कशात पास झालं नव्हतं.

ठरल्या दिवशी आत्याही आली, धीर द्यायला. नर्सने छकुलीच्या हातावर थेंब टाकले, सुईने टोचलं, वाट पाहिली. हात सपाट.

"हा शेवटचा थेंब तर सगळ्यांच्याच हातावर फुगतो," नर्स म्हणाली. "हिच्या कसा नाही?"

"आम्ही सगळ्यांतले नाही," आत्या म्हणाली.

"औषध दिलंत का हिला?"

"दोनच चमचे, सकाळी. पहिल्याच टेस्टला पोरीला नापास होऊ देऊ की काय?"

"शाबास ताई!" बाबा म्हणाला.

आईने कपाळावर हात मारला. "तुम्हा भावंडांच्या अकलेची टेस्ट केली ना, तर कितीही टोचा, काही उठायचं नाही!"

पुढच्या वेळी तिने औषधाची बाटली पर्समध्ये ठेवली आणि दोघांना घरी. या खेपेला शेवटच्या थेंबाबरोबर आणखी एक थेंब टम्म फुगला. आईचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, "छकुली काजूला पॉझिटिव्ह."

मोठ्या काकांनी दोन अंगठे पाठवले. संध्याकाळी त्यांच्याकडून छकुलीच्या नावाने काजूचा मोठा डबा घरपोच आला.