हाताखाली मिटलेली वाट

कोमट जेल. पिवळं पडलेलं प्लास्टिक. नाकापर्यंत घसरलेली लोकरीची टोपी. ‘काही आढळले नाही.’ एका मावशीची वर गेलेली भुवई.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असा संशय तुम्हाला आला असेल. येऊ द्या. माझं सगळं आयुष्य संशयातच गेलं आहे.

मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरीने जोडलेला, साबणाच्या वडीएवढा. कुणालाही ऐकू न येणारा आवाज मी शरीरात सोडतो, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचं पडद्यावर चित्र उमटतं. मी टोचत नाही, आत शिरत नाही, फक्त कातडीवरून फिरतो. तरी मुलांच्या दवाखान्यातली प्रत्येक आई माझ्याकडे सुईकडे बघावं तशी बघते.

माझं काम नाजूक. तान्ह्या मुलांच्या शीच्या जागेजवळ कधीकधी फोड येतो. वरून दिसतो मसुराएवढा. पण त्याच्यापासून आत आतड्याच्या टोकापर्यंत बारीक बोगदा गेलेला असू शकतो. त्याला भगंदर म्हणतात. म्हणून वरवर साध्या दिसणाऱ्या फोडावर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

पूर्वी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “याची नजर तिखट आहे.” मग एक नवा, पांढराशुभ्र प्रोब आला आणि मी खालच्या खणात गेलो. त्याचं तोंड रुंद, म्हणून तान्ह्या बाळांपुरता मी उरलो.

ढब्बू नावाच्या एका तान्ह्याचा फोड दोनदा चिरला, दोनदा पुन्हा भरून आला. मधे मी त्याला तपासलं होतं, तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. आता सर्जन म्हणाले होते, आतली वाट सापडली नाही तर पुन्हा अंदाजानेच चिरावं लागेल. म्हणून ढब्बूची आई त्याला परत घेऊन आली, सोबत त्याची मावशी.

“हेच का ते पिवळं?” मावशीने भुवई वर करून विचारलं.

“ताई, हळू बोल गं.”

“का? मशीनला कान आहेत?”

मित्रांनो, माझं सगळं अंगच कान आहे.

ढब्बूची आई डॉक्टरीणबाईंकडे वळली. “मागच्या वेळी काही नाही म्हणालात. मग पू काय आभाळातून पडला?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. माझा संशय त्यांच्या हातावर होता. मागच्या वेळी बाळ वळवळत होतं, आणि त्या हाताने मला गच्च रोवलं होतं. इतर दवाखान्यांत मोठ्या माणसांची जाड पोटं तपासून हाताला ती खोड लागते. पण बाळाचा बोगदा दोऱ्याएवढा. वरून दाब आला की त्याच्या भिंती मिटतात आणि सगळं साफ दिसतं.

त्यांनी जेलची बाटली उचलली. मग म्हणाल्या, “बाळ तुमच्या मांडीवरच राहू दे. पाय असे वर धरा. मावशी, तुम्ही त्याच्या टोपीने कुऽऽक करून त्याला खेळवा.”

या वेळी त्यांनी जेल हात न आखडता घातलं. मी कातडीवर नव्हतो, जेलवर तरंगत होतो.

“कुऽऽक!” मावशीने त्याची लोकरीची टोपी नाकावर ओढली. ढब्बू खिदळला.

आणि पडद्यावर एक काळसर रेघ फोडापासून आत वळत गेली.

“ही बघा वाट. आता जरा दाबते... गेली ना? मागच्या वेळी मीच दाबलं होतं.”

“म्हणजे मशीन चांगलं होतं?” मावशी म्हणाली. “मग इतके दिवस मी शिव्या कुणाला घातल्या?”

आई हसली नाही. “आता एकदाच चिरायचं ना? नक्की?”

“सर्जन या वाटेवरूनच जातील. एकदाच, असं वाटतंय. शपथ नाही घेणार.”

आईने मान हलवली. विश्वास मात्र राखून ठेवला. बरं केलं.

मित्रांनो, मला आपटू नका, काम झालं की पुसून ठेवा. जे दुखणं पुन्हा पुन्हा येतं, त्याच्यावर जरूर संशय घ्या. लाजून लपवू नका. फक्त शोधताना हात हलका ठेवा.

ढब्बूला पहिल्यांदा तपासलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा मुलगा घरी तापाने फणफणला होता, आणि त्यांचा हात घाईत होता.