हलक्या हाताचे वार

मित्रांनो, मला धार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तलवार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे चकाकणारे पोलाद उभे राहते. मी बांबूची आहे. चार लांब पट्ट्या, टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामड्याचे वेष्टन आणि पाठीवरून ताणून बांधलेली एक दोरी, एवढाच माझा देह. मी एक जुनी, सरावाची तलवार आहे. कोरियात तलवारीची जी विद्या शिकवतात तिला कोम्दो म्हणतात. तिथे माणसे माझ्यासारख्या तलवारींनी एकमेकांच्या डोक्यावर वार करतात. डोक्यावर लोखंडी जाळीचा मुखवटा असतो, म्हणून वार खाणारा दुसऱ्या दिवशीही येतो.

माझा बांबू दाम्यांगच्या रानातला. आमचे गुरुजी यो तैमुक नव्या मुलांना सांगत की, ज्या बांबूने पुष्कळ हिवाळे सोसले त्याच्या अंगी जिद्द उतरते. मला जिद्दीबद्दल काही ठाऊक नाही. वय वाढले की बांबूच्या तंतूंच्या भिंती जाड होतात आणि तो उशिरा फाटतो. माझ्या टिकाऊपणाला एवढे कारण पुरेसे आहे.

दाम्यांगच्या एका लहान कारखान्यात मला तासले, वाळवले, बांधले आणि सामचोक गावी पाठवले. तिथे हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची सरावशाळा होती. मी कुणा एकाची नव्हते. ज्याच्याकडे स्वतःची तलवार नाही त्याने मला मांडणीवरून उचलावे, असा माझा दर्जा. शेकडो घामट हातांनी मला धरले. सरावाआधी प्रत्येक जण माझ्या पट्ट्यांवरून फडके फिरवी. फडके अडकले तर तिथे कुसळ निघाले आहे असे समजावे आणि ते तासून टाकावे, असा शाळेचा नियम होता. कारण ते कुसळ मुखवट्याच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. या नियमात मला कधी काही गूढ वाटले नाही, आणि म्हणूनच तो मला आवडे.

एका शरद ऋतूत मेंग ग्वांगशिक नावाचा गृहस्थ जिना चढून आला. वय एक्कावन्न. त्याच्याबरोबर ज्यांची शिकवणी सुरू झाली ती सगळी प्राथमिक शाळेतली मुले होती. त्यातल्या एकीने त्याला विचारले, "आजोबा, तुम्ही कुणाला न्यायला आलात?" त्याने सांगितले की तो स्वतःच शिकायला आला आहे. ती त्याच्या पायांकडे पाहून म्हणाली, "मग उद्या येताना मोजे आणू नका. इथे अनवाणीच असतं."

गुरुजींनी मला त्याच्या हाती दिले. त्याने मला दोन्ही हातांनी सारख्याच जोराने आवळले. कोम्दोत जोर डाव्या हाताचा असतो आणि उजवा हात केवळ दिशा देतो. गुरुजी वयाने त्याच्याहून लहान होते, म्हणून टोमणाही अदबीने मारत. "ड्रायव्हरसाहेब, ही बस नाही. उजवा हात जरा सोडा, गाडी कुठे जात नाही."

मुले हसली. तोही हसला. पण माझ्या मुठीवरची पकड त्या क्षणी आणखी घट्ट झाली होती.

बस हाच त्याचा प्रश्न होता. सामचोकहून डोंगरातल्या वाड्यांवर जाणारी बस तो वर्षानुवर्षे चालवत आला होता. बाजाराच्या दिवशी त्या बसमध्ये बहुतेक म्हाताऱ्या बायका असत, मांडीवर वाळवलेल्या रानभाज्यांची आणि मिरचीची गाठोडी घेऊन. एके दिवशी समोरून चुनखडीचा ट्रक आला. त्यातून एक दगड उडून बसच्या काचेवर आदळला. काच फुटली नाही, नुसती तडकली. पण ग्वांगशिकचे डोळे मिटले आणि हात उजवीकडे वळले. बस डोंगराकडच्या नाल्यात उतरली. एका आजींच्या खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या बाजूला दरी होती. बस तिकडे गेली नाही यामागे कुणाचे पुण्य होते असे गावातले लोक म्हणत. माझ्या मते तो योगायोग होता, आणि ग्वांगशिकचेही मत तेच असावे. म्हणूनच त्याला झोप लागत नसे.

त्यानंतर समोरून कागदाचा कपटा उडत आला तरी त्याचे डोळे मिटत आणि हात वळत. त्याने स्वतःहून किल्ल्या परत केल्या. डॉक्टरांना डोळ्यांत दोष सापडला नाही. आगारप्रमुखाने त्याला बस धुण्याच्या कामावर ठेवले आणि सांगितले की, वाटेल तेव्हा सांग, तुझ्या शब्दावर तुला पुन्हा बस देतो. आगार आमच्या शाळेच्या समोरच होते. बस धुताना त्याला आमच्या आरोळ्या ऐकू येत. तिथे माणसाच्या तोंडासमोर रोज काहीतरी आदळते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो आला. मित्रांनो, मला त्याचा तर्क पटला.

पाऊल, पकड आणि हवेतले वार शिकण्यात अनेक महिने गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने चिलखत आणि मुखवटा घेतला, स्वतःची तलवारही घेतली, आणि मी मांडणीवर परतले. पण आमची ताटातूट झाली नाही. त्याच्यासमोर सरावाला प्यो सोदाम उभी राही. ती चोविशीतली, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, शाळेतली सर्वांत चपळ मुलगी. नवशिक्यांशी खेळताना ती मुद्दाम मला उचली, कारण जुना बांबू नरम लागतो. तेव्हा यापूर्वी मी ज्याच्या हातात होते, त्याच्याच डोक्यावर आता मी उतरू लागले. त्याचे डोळे मला जाळीतून समोर दिसत.

पहिल्या दिवशी ते दर वाराला मिटले. पानगळ होईपर्यंत मिटणे कमी झाले. थंडीत बहुतेक वार त्याने उघड्या डोळ्यांनी घेतले. गुरुजी सर्वांसमोर म्हणाले की, मनाने शरीराला जिंकले. टाळ्या वाजल्या. ग्वांगशिकच्या बायकोने शाळेत तांदळाच्या गोड वड्या पाठवल्या.

मी टाळ्या वाजवू शकत नाही, आणि तेव्हा वाजवल्याही नसत्या. सोदामच्या हातातून मी इतरांच्या डोक्यावर कशी उतरते ते मला माहीत होते. त्याच्या डोक्याशी पोहोचण्याआधी तिचा उजवा हात मला किंचित मागे खेची. वार बाहेरून पूर्ण दिसे, आरोळीही पूर्ण असे, पण मी टेकत असे, आदळत नसे. केवळ ती नव्हे, शाळेतली सगळी तरुण मंडळी तसेच करत. सराव संपल्यावर जेवायला बसले की हीच मंडळी त्याला आतली जागा देत, दोन्ही हातांनी त्याचा पेला भरत, स्वतः पिताना तोंड बाजूला वळवत. बापाच्या वयाच्या माणसासमोर असेच वागायचे असते. त्याच्या डोक्यावर खाडकन मारायचे कसे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. कुणी कट केला नव्हता. कुणाला आपण काही लपवतो आहोत असेही वाटत नव्हते. तो शिष्टाचार होता, आणि त्यामुळे साऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष चुकीचा निघत होता.

वसंतात आगारात चालकाची एक जागा रिकामी होणार होती. ग्वांगशिकने आगारप्रमुखाला सांगितले की कांग्नुंग शहरात कोम्दोच्या पहिल्या दर्जाची परीक्षा आहे, ती झाली की मी शब्द देतो.

परीक्षेच्या सकाळी बायकोने समुद्री शेवाळाचे सूप करायचे कटाक्षाने टाळले, कारण शेवाळ निसरडे असते आणि ते खाल्ले तर परीक्षेत माणूस घसरतो असे मानतात. या सूपाचा आणि गुणांचा संबंध मला आजवर सापडलेला नाही. त्याच सकाळी फडके फिरवताना त्याच्या तलवारीची एक पट्टी उभी फाटलेली निघाली. त्याने मला सोबत घेतले.

तिथे त्याच्यासमोर त्याच्याच वयाचा, मासेमारीच्या बोटीवरचा एक माणूस आला. त्याला ग्वांगशिकची गय करण्याचे काही कारण नव्हते. त्याने पहिलाच वार पूर्ण मारला. तो आवाज मी सोदामच्या हातात असताना इतरांच्या डोक्यावर पुष्कळदा केला होता, ग्वांगशिकने मात्र स्वतःच्या डोक्यावर प्रथमच ऐकला. त्याचे डोळे मिटले की नाही ते मला दिसले नाही, कारण आता मी त्याच्या हातात होते. पण मुठीत मला जे कळले ते पुरेसे होते. त्याचे दोन्ही हात एकदम उजवीकडे वळले. रस्त्यावर वळले होते तसे.

परीक्षकांना मुखवट्यामागचे डोळे दिसत नाहीत. हात वळले तो त्यांना बचाव वाटला असावा. त्यांनी त्याला उत्तीर्ण केले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचे अभिनंदन झाले. गुरुजींनी काळा पट्टा काही कोम्दोत नसतो, नाहीतर आज बांधला असता, असा विनोद केला. आगारप्रमुखाचा निरोपही आला होता की सोमवारी ये. म्हणजे 'आता मी बस चालवू शकतो' हे एक वाक्य त्याने बोलायचे तेवढे उरले होते, आणि ते खोटे आहे हे सांगणारे जगात कुणी नव्हते. मी होते, पण मला बोलता येत नाही.

त्याने सोदामला मधोमध बोलावले आणि सगळ्यांदेखत विचारले, "तू मला कधी पूर्ण जोराने मारलंस का गं?"

सोदाम मान खाली घालून म्हणाली, "नाही काका. हात उचलला की मला माझे बाबा दिसतात."

"आणि सोमवारी माझ्या बसमध्ये कोण बसणार आहे? तुझी आजीच ना?"

तिची आजी डोंगरातल्या शेवटच्या वाडीवर राही आणि दर बाजाराला त्याच बसने येई.

तेव्हा ग्वांगशिकने जे केले ते त्या शाळेत कुणी पाहिले नव्हते. तो लाकडी जमिनीवर गुडघे टेकून बसला, दोन्ही तळवे समोर ठेवले आणि सोदामपुढे कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकला. बापाच्या वयाच्या माणसाने मुलीच्या वयाच्या मुलीपुढे असे वाकणे पाहून दोघे-तिघे तर उठूनच उभे राहिले. तो म्हणाला, "इथे तुम्ही माझ्या आधी आलात, म्हणजे तुम्ही मोठ्या. मला शिकवा. मला सांभाळू नका."

सोदाम घाबरून स्वतःही खाली बसली, त्याच्याहून खाली वाकू लागली. गुरुजी एरवी खूप बोलत. त्या वेळी ते एवढेच म्हणाले, "सोदाम, ऊठ. मुखवटा चढव."

तिने मला उचलले. पहिला वार पुन्हा हलकाच झाला आणि ग्वांगशिकने मान हलवून तो नाकारला. दुसऱ्या वेळी तिने मला मागे खेचले नाही. मी आदळले. डोळे मिटले, हात वळले. मुखवट्याच्या आत सोदाम रडत होती असे मला तिच्या श्वासावरून वाटले, पण मी त्याची खात्री देऊ शकत नाही.

सोमवारी त्याने आगारप्रमुखाला नाही म्हणून सांगितले. जागा दुसऱ्या तरुण चालकाला मिळाली. ग्वांगशिक बस धूत राहिला. बायको त्याच्याशी बरेच दिवस तुटक बोलत होती, आणि तिचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. दीड वर्ष शिकून, दर्जा मिळवून, तिचा नवरा होता तिथेच होता.

त्यानंतर सोदाम त्याला रोज खरे वार मारू लागली. मग बाकीचेही मारू लागले. उन्हाळा संपता संपता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि त्याच्याही. पापणी मिटणे थांबले नाही. काहीतरी अंगावर आले की पापणी मिटते, ती शरीराची फार जुनी व्यवस्था आहे आणि ती गुरुजींचे व्याख्यान ऐकत नाही. पण पापणी मिटून उघडेपर्यंत हात कुठे जातात, हे शिकवता येते. गुरुजी आणि आम्ही सगळे इतके दिवस डोळ्यांकडे पाहत होतो. पाहायचे होते हातांकडे.

एका संध्याकाळी सोदामने मला आजवरच्या सर्वांत जोराच्या वारात उतरवले. त्याची पापणी मिटली. त्याची तलवार समोर, मधोमध, जिथे होती तिथेच राहिली. त्याच वाराने माझी एक पट्टी आडवी तडकली. तो तडा मला गेला याचे मला दुःख नाही.

त्याने लगेच शब्द दिला नाही. आगाराच्या मैदानात रिकामी बस चालवत त्याने तिथल्या मेकॅनिकला काचेवर ओल्या चिंध्या फेकायला लावल्या, न सांगता, कधीही. मेकॅनिकला हे काम फारच आवडले, असे सोदामने सांगितले. बस पांढऱ्या रेषेवरून हलली नाही. मग पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली तेव्हा त्याने ते एक वाक्य उच्चारले. सोदामची आजी पहिल्याच फेरीला त्याच्या मागच्या आसनावर बसली आणि घरी येऊन तिने तक्रार केली, "मेला, बैलगाडीसारखी चालवतो."

मी आता तलवार राहिलेले नाही. माझी दोरी सोडली, चामडे दुसऱ्या तलवारीला गेले, दोन धड पट्ट्याही दुसऱ्या तलवारीत बसवल्या. तडकलेली पट्टी आणि तिची एक जोडीदार मिळून आम्ही गच्चीवर कुंडीतल्या मिरचीच्या रोपांना आधार देतो. जी बोलते आहे ती यांपैकी नेमकी कोणती पट्टी, हे मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, हाती एखादी वस्तू घ्याल तर वापरण्याआधी तिच्यावरून फडके फिरवा. आणि कधी तुमच्यासमोर एखादा मोठ्या वयाचा माणूस काही नवे शिकायला उभा राहिला, तर त्याच्या वयाला अवश्य नमस्कार करा. मग त्याला मुखवटा चढवू द्या, आणि वार पूर्ण करा.