खुंटावरचे तारे

सर, तुम्ही आकाशगंगेचा इतिहास छाटला आणि वर माझं नाव लावलं.

अकोल्यात शिकवण्या घेऊन उरलेल्या वेळात मी ताऱ्यांचा उजेड वाचते. मोठ्या दुर्बिणींनी जगासाठी खुला ठेवलेला. कोणी शिकवलं नाही, शिकले. तारा ज्या वायूतून जन्मला त्याचा कस त्याच्या उजेडात मरेपर्यंत राहतो. माझे काही तारे वेगळे निघाले. लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम कमी. म्हणजे ते इथले नव्हेतच. आपल्या आकाशगंगेनं कधीकाळी गिळलेल्या एका लहान दीर्घिकेतले. लेख मी लिहिला. माझ्या एकटीचा कोण छापतो? म्हणून तुम्हाला, विद्यापीठातल्या प्राध्यापकांना, सोबत घेतलं.

मग तुम्ही मोर्शीला आमची संत्र्याची बाग बघायला आलात. माझे बाबा, खुशालराव, कैची घेऊन झाडाच्या बुडाशी बसलेले.

"हे का कापता?" तुम्ही विचारलं.

"जंबेरीचा फुटवा हाय, सर. संत्र्याच्या डोळ्याचं कलम आमी जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, खुंटावर बांधतो. खालून असा फुटला का कापाचा. नाही त सारं झाड खाऊन टाकते."

तुम्ही हसलात. "ऐक, प्रणाली. तुझे ते वेडेवाकडे तारे असेच. मोजमापाची चूक. बापाकडून शीक."

"सर, बागेत फळ पायजे," मी म्हटलं. "आपल्याले झाडाचा जन्म शोधाचा हाय."

"आधी भाषा सुधार," म्हणालात, आणि बाबांनी सोललेलं संत्रं तोंडात टाकलं.

उन्हाळ्यात लेख आला. छापण्याआधी मला दाखवलासुद्धा नाही. तारे गायब. शेवटी लिहिलंय, आपली आकाशगंगा एकटीच, शांतपणे वाढली. पहिलं नाव माझं. सोयीचंच की! उद्या कोणी खोटं पकडलं, तर शिव्या पोरीला.

बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली कैची खाली ठेवली.

"माह्याच तोंडचं घेऊन तुले कापलं त्यानं," एवढंच बोलले.

तेव्हापासून धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या एका झाडाचा जंबेरीचा फुटवा त्यांनी राखलाय. काटेरी, आता कमरेएवढा. शेजारचे हसतात.

"खुशालभाऊ, डोस्कं फिरलं का? झाड जाईन ना!"

"जाऊ दे एक. सर आले का दाखवाचं हाय, खाली काय हाय ते."

तुम्ही येणार नाही. फोनही उचलत नाही. म्हणून इथं, या खुल्या पत्रात, सगळ्यांसमोर विचारते: माझे तारे परत घालता, का माझं नाव काढता?

बोला.