काटा आपोआप खाली येतो

आमच्या गॅरेजच्या जुन्या ट्रकला मी विजेवर चालणारे दोन पंखे बसवले आणि घरात महाभारत सुरू झालं.

ट्रक बाबांचा. वाटेत बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, एवढंच त्याचं काम. पण बाबा सोडून दुसऱ्या कुणी तो रस्त्यावर न्यायचा नाही. त्याचा मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा आणि आवाज असा करायचा की शेजारी उभं राहून कुणी शिवी दिली तरी कळू नये. एक दिवस त्याचं पातं तुटलं आणि रेडिएटरला भोक पाडून गेलं. रेडिएटर सांधता आला, पण तसला पंखा कुठे मिळेना. बाबा मेकॅनिक, मी गाड्यांचं वायरिंग करते. मी म्हटलं, भंगारातल्या मोटारीचे विजेचे पंखे आणून लावते. पाणी तापलं की आपोआप लागतील, निवलं की आपोआप बंद होतील.

"आपोआप?" बाबांनी तोंड असं केलं की जणू मी ट्रक विकायला काढला होता. मग म्हणाले, "बरं, कर. हे चाललं तर गॅरेजमधलं सगळं वायरिंग आजपासून तुझं. नाही चाललं तर मी झटक्याला बोलावणार."

झटका म्हणजे चौकातला इलेक्ट्रिशियन. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही, देव जाणे. आमच्याकडची मोठी कामं तोच करायचा आणि माझ्या वाट्याला हॉर्न नि बल्ब. बाबांची सख्खी मुलगी मी! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून हे काम मी जीव ओतून केलं. बॅटरीपासून जाड वायर घेतली, मध्ये फ्यूज घातला, मग रिले बसवला. रिले म्हणजे एक छोटी डबी. रेडिएटरवरच्या स्विचने नुसता इशारा करायचा आणि हिने पंख्यांना भरपूर करंट सोडायचा. इंजिन तापवलं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढला, पंखे घोंगावत सुटले, काटा खाली आला, पंखे थांबले. मी एकटीच टाळ्या पिटल्या. बाबा तेव्हा जेवायला गेले होते.

जेवून आल्यावर ते ट्रक घेऊन चढावर गेले आणि कपाळाला आठ्या घालून परत आले.

"पंखे लागत नाहीत."

"काटा वर गेला?"

"गेला."

"मग?"

"मग आपोआप खाली आला."

"अहो बाबा, पंखे न लागता काटा खाली कसा येईल?"

"तेच तर मी तुला विचारतोय! पंखे बंद आणि काटाही खोटा. वा!"

आता बाबांच्या कानाबद्दल सांगायला हवं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचे, आणि सांगायचं की अमुक बेअरिंग गेलं. इंजिन उघडलं की तेच निघणार. लांबलांबून लोक गाडी दाखवायला यायचे ते त्या कानासाठी. पंख्याच्या बाबतीत तर गॅरेजचा नियमच होता, फिरता पंखा वाकून बघायचा नाही, कानाने तपासायचा. बाबांच्या करंगळीचं टोक असंच वाकून बघताना गेलं होतं. त्या कानावर शंका घ्यायची कुणी? मी माझ्या वायरिंगवर घेतली.

रिले बदलला. फ्यूज बदलला. बॉडीला जोडलेली वायर घासून पुन्हा जोडली. काटाही दुसरा लावला. मी तापवला की पंखे चालत. बाबा फिरवून आणत तेव्हा म्हणे चालत नसत. धक्क्याने काही सुटतंय का म्हणून मी एकेक वायर ओढून, हलवून, लाकडाने ठोकून पाहिली. पंखे मुकाट्याने फिरत राहिले. आधी राग आला होता, पण पुढे पुढे मला त्या गोष्टीचं वेडच लागलं. माणूस बघून चालू-बंद होणारा पंखा मी तरी पाहिला नव्हता. जेवताना ताटात बोटाने वायरी काढत बसायचे आणि आई म्हणायची, "आधी गिळ, मग जोड."

त्यातल्या त्यात एकच बरं होतं. बाबा हल्ली निवळले होते. पूर्वी मी नुसती पुटपुटले तरी तिकडून तोफ सुटायची. आता मी दिवसभर वायरींच्या नावाने आणि त्यांच्याही नावाने बडबडले तरी हूं नाही की चूं नाही. वय माणसाला शहाणं करतं, असं मी आईला म्हटलंसुद्धा.

शेवटी बाबांनी झटक्याला बोलावलंच. तो यायच्या आत मी म्हटलं, एकदा दोघांनी मिळून बघू. बाबा केबिनमध्ये बसले, इंजिन चालू केलं. मी ट्रकखाली आडवी झाले, नजर वायरींवर.

"काटा चढला!" बाबा ओरडले.

टक् करून रिले लागला. पंखे घोंगावले आणि गरम वारा भसकन माझ्या तोंडावर आला. मला हसूच फुटलं.

"अजून नाही लागले!" वरून बाबा.

मला वाटलं थट्टा करताहेत. "लागलेत की! कानात बोळे घातलेत का?"

मी तोंड वर केलं.

"हट्टी म्हातारा!" मी चांगली बेंबीच्या देठापासून ओरडले.

"बघ," बाबा शांतपणे म्हणाले, "आला काटा खाली. आपोआप."

मी तशीच पडून राहिले. बाबा निवळले वगैरे काही नव्हते. इतके दिवस माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. समोर उभी राहून बोलायचे तेवढं ओठांवरून कळत असणार. इंजिन त्यांना हाडातून कळत होतं, स्टिअरिंगवरच्या हातातून कळत होतं. पंख्याची घरघर आणि पोरीची कटकट हवेतून यायची, ती वाटेतच राहायची. मला रडू आलं, आणि हातातोंडाला ग्रीस असल्यामुळे डोळे पुसताही येईनात.

मागच्या दाराने आईकडे गेले. "आई, बाबांना ऐकू येत नाही."

आई भांडी घासायची थांबली. "मला वाटायचं, माझंच ऐकत नाहीत. अगं, नवरा ऐकत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं का?" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात झटका मला शोधत मागच्या दारात आला. "काय ताई, धूर निघाला का?"

त्याने ट्रक नुसता चालू केला असता तरी त्याच्या लक्षात आलं असतं. माझं वायरिंग बरोबर ठरलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकाला कळलं असतं की बाबांचा कान गेला. मग कोण आणणार होतं त्यांच्याकडे गाड्या? खरं काय ते माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"चूक सापडली," मी म्हटलं. "बॉडीची वायर मी सैल ठेवली होती. तुम्ही कशाला हात खराब करता?"

"बल्ब बदलण्याइतकं सोपं नसतं ते, ताई." झटका खो खो हसत गेला. चार लोकांना सांगितल्याशिवाय तो राहणार नव्हता. मी दात ओठ खाल्ले, पण बोलले नाही.

मग पंख्यांच्या वायरीवरून एक फाटा काढला आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा बसवला. बाबांच्या समोर उभी राहून सावकाश म्हणाले, "पंखे लागले की हा लागेल. चूक माझी होती. केली दुरुस्त."

बाबांनी इंजिन चालू केलं. काटा चढला, दिवा लागला, काटा खाली आला, दिवा विझला. पुन्हा तसंच झालं. काटा रोज जिथून परत फिरायचा तिथूनच फिरत होता. बाबा एकदा दिव्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. दिवा परत लागला तसे खाली उतरले आणि बॉनेटच्या बाजूने पंख्यांच्या वाऱ्यात हात धरून उभे राहिले.

"पहिल्यापासून बरोबर होतं?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"आणि झटक्याला काय सांगितलंस?"

मी खाली बघितलं. बाबांनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि फाटकाबाहेर पडले. मी मागे धावले. "बाबा, राहू द्या! बाबा!" ते कसले ऐकताहेत.

झटक्याच्या दुकानासमोर नेहमीची मंडळी चहा पीत होती. बाबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी बहुतेक हळूच, त्याच्यापुरतं सांगायचं ठरवलं होतं. पण आपला आवाज किती मोठा लागतो ते त्यांना कळत नव्हतं.

"पोरीची काही चूक नव्हती," बाबा म्हणाले, "माझे कान गेलेत!" आणि सगळ्या चौकाने ते ऐकलं.