सव्वा इंच

"पाय लांब झालाय," मास्तरांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं.

उजव्या खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. इतके दिवस घरात सैल पायजम्यावर भागलं. आज तपासणीला जायचं म्हणून त्यांनी पहिल्यांदाच पँट चढवली होती. डावी मोहरी बुटावर शिस्तीत टेकली होती आणि उजवीकडे बुटाच्या वर मोजा उघडा पडला होता. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवणाऱ्या माणसाला मोहरी वर-खाली झालेली दिसणार नाही, तर कुणाला दिसणार?

बायको शर्ट घेऊन आली, तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंना दाखवा." एवढंच. एरवी ती इतक्या थोडक्यात आवरत नसे.

मास्तरांनी हे ऑपरेशन करून घेतलं ते एका टेबलासाठी. शिवणाचं मशीन बसून चालवता येतं. कटिंग मात्र उभ्यानंच होतं. टेबलावर ओणवं व्हायचं, या टोकाकडून त्या टोकाला जायचं, तेव्हा कुठे कात्री सरळ धावते. गेली दोन वर्षं खुबा इतका दुखायचा, की ते कापड चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडे कापायला पाठवत. त्यानं कापलेलं शिवताना त्यांचा चेहरा असा होई, जणू कुणाची उष्टी ताटली पुढ्यात आली आहे.

म्हणून मोठ्या डॉक्टरांनी 'आधी तीन महिने थांबा' म्हटल्यावर मास्तर भडकले होते. रक्तातली साखर उतरवा, सिगारेट सोडा, मांड्यांत ताकद आणा, मग या. मास्तरांनी घरी येऊन डॉक्टरांचा यथेच्छ उद्धार केला. सांधा बदलायचा खुब्याचा, त्यात सिगारेटनं काय घोडं मारलंय? दुसरीकडे जाऊ, परवाच्या परवा करून घेऊ.

बायको तेव्हा बटणं लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही सुती कापड न भिजवता कापता का?"

कोरं कापड पाण्यातून काढून, आटवून, वाळवून मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्या धुण्यातच कपडा आखडतो. घाईच्या गिऱ्हाइकाला हेच सांगून ते आयुष्यभर माघारी धाडत आले होते.

मग सुरू झाली व्यायामाच्या ताईंची शिकवणी. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, दहा वेळा. पहिल्या आठवड्यात मास्तर तीनदा उठले आणि चौथ्यांदा खुर्चीलाच शिव्या घातल्या. ताई तरुण, बोलायला गोड आणि ऐकायला ठार बहिरी. दहा म्हणजे दहाच. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या इतक्या लांब होत्या, की तिला त्या दुमडून घ्याव्या लागत. मास्तरांना ते बघवत नसे. पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरताना तिनं विचारलं होतं, बरे झाल्यावर काय करायचंय? मास्तर म्हणाले होते, "टेबलापाशी उभं राहून एक कापड कापायचंय." तिनं ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले होते.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी मास्तर उभे राहिले. जखम वेळेवर सुकली, मांड्यांनी वजन पेललं. सगळं असं मनासारखं चाललेलं असताना आज ही मोहरी.

दवाखान्यात तोच फॉर्म पुन्हा भरायचा होता. जिना चढता येतो? येतो. मोजे घालता येतात? येतात. शेवटचा प्रश्न, समाधानी आहात का? मास्तरांनी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं.

ताईंनी ते वाचलं, कारण विचारलं आणि त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं. पँट काढून चादर पांघरली. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. दोन्ही पाय सारखे.

"तुमची टेप ताणलेली असेल," मास्तर म्हणाले. "माझी घ्या. शर्टाच्या खिशात आहे."

मास्तरांच्या टेपेनंही दोन्ही पाय सारखेच भरले. मग ताईंनी खुर्चीवरची पँट उचलली आणि शिवणीला शिवण जुळवून धरली. पँटीचा उजवा पाय सव्वा इंच आखूड होता.

मास्तरांनी पँट हातात घेऊन उजवी तुरपाई बोटांनी चाचपली. खुबा झिजून पाय आखूड होत गेला तशी उजवी मोहरी लोळायला लागली होती आणि ते ती दुमडत गेले होते. एका पँटीला पाव इंच, पुढच्या पँटीला अर्धा. आपण लंगडतो हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. 'कापड लोंबतंय' म्हणायचे आणि तुरपाई घालायचे. हात इतका सरावला, की डोक्याला पत्ताच नव्हता. आता ऑपरेशननं पाय पूर्ववत झाला होता, पँट मात्र दुमडलेलीच होती.

"इस्त्री मी करते," सोबत आलेली बायको कोपऱ्यातून म्हणाली. "मला दिसत नव्हतं होय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सरळ चालल्यासारखं दाखवायचात. मीही सरळच बघायचे."

"आणि आज सकाळी?"

"माझं ऐकलं असतंत? तुम्हाला टेपच लागते."

मास्तरांचे डोळे भरून आले. हिनं किती वर्षं आपली लाज झाकली, आणि आपण तिच्यावर बटणं ढिली लावते म्हणून खेकसत राहिलो. तीन महिने थांबवणारे डॉक्टर, दहा म्हणजे दहा म्हणणारी ही पोर, सगळ्यांचेच उपकार होते. त्यांनी फॉर्म मागून घेतला आणि 'नाही' खोडलं. पुढची जागा मात्र कोरीच ठेवली.

"टेबलापाशी उभं राहून कापड कापलं की लिहीन," ते म्हणाले. "आणि ताई, तुमच्या कोटाचं माप द्या. रोज त्या बाह्या बघून माझा जीव जातो."

चार दिवसांनी त्यांनी भिजवून वाळवलेलं पांढरं कापड टेबलावर पसरलं. चालायची काठी भिंतीला टेकवली. खडूची रेघ मारली आणि कात्री या टोकाकडून त्या टोकाला नेली. बायको दारात उभी राहून बघत होती. कात्रीचा आवाज थांबेपर्यंत ती हलली नाही.

कोट पोचवायच्या दिवशी त्यांनी पँटीची उजवी तुरपाई उसवली. चांगला शिंपी कापड कापून टाकत नाही, आत दुमडून ठेवतो. सगळं तिथंच होतं. फक्त बाकीची पँट धुऊन धुऊन फिकी झाली होती आणि आतून निघालेली पट्टी गडद. लोक बघतील, दुसरी घाला, असं बायको म्हणाली. मास्तर म्हणाले, बघू देत.

दवाखान्याच्या लांबलचक वाटेनं ते हातावर कोट घेऊन सावकाश, सरळ चालत गेले. दोन्ही मोहऱ्या बुटांवर सारख्या टेकत होत्या आणि उजवीवर सव्वा इंच कापड अजून कोरं होतं.