तिसरी हळद

“काका, बसली! केबल बसली!” धनेश टेबलाखालून ओरडला, तसे बाळाजी स्टुलावरून उठूनच उभे राहिले.

जुन्या कॉम्प्युटरच्या या केबलच्या शोधात अकरा महिने गेले होते. मोरा बंदरातून लाँच धरायची, मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि जुन्या बाजारात गाळ्यागाळ्यांतून पिशवी उघडून दाखवत हिंडायचं. कुठे पिना जास्त, कुठे तोंड रुंद. “चाचा, इसको म्यूझियम में दे दो,” म्हणून लोक हसायचे. शेवटी पनवेलच्या एका भंगारवाल्याकडे दुसऱ्याच यंत्राची केबल मिळाली. उरणच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या धनेशने तिचं टोक कापून एकेक तार नव्याने जोडली.

बाळाजी न्हावा शेव्याला कंटेनर मोजणीचे कारकून होते, तेव्हा बोटीवरच्या एका साहेबाने जाताना त्यांना हा पेटीसारखा मिटणारा कॉम्प्युटर दिला होता. त्याच्या फ्लॉप्याही जगावेगळ्या, बिस्किटाएवढ्या. बाजारात तशा मिळेनात, म्हणून होती ती एकच. तिच्यात बाळाजींनी आपल्या बायकोचे, गोदूचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, उतरवले होते. ती गायची, हे इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे. गोदू धवलारीण. तिने गायल्याशिवाय आसपासच्या चार गावांत नवरीला हळद लागत नसे.

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात गुठळी झाली. हातपाय सावरले, पण धवले विस्कटले. ‘पयली हळद गावदेवीला गो, दुसरी हळद मांडवखांबाला गो...’ इथवर यायची आणि थांबायची. एका लग्नात ती अशी थांबली, तेव्हा पोरींनी सरळ मोबाइलवर गाणं लावलं. गोदू तोंडाला पदर लावून मांडवातून उठली.

उद्या तिच्या भावाच्या मुलीची, अमिषाची हळद होती. “तिला तरी मी पुरी गाईन,” ती म्हणाली होती, “न्हायतर मांडवात पाय ठेवायची न्हाय परत.”

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. धनेशने फ्लॉपी आत सरकवली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. त्याने घाईने ती बाहेर काढली, पत्र्याची झडप बोटाने बाजूला केली आणि दिव्याखाली धरली.

“काका, यात लाल काय आहे?”

बाळाजींनी चष्मा पुसला. तपकिरी चकतीवर लाल-पिवळ्या थराची खपली धरली होती. ती निघाली तिथे खालचा, अक्षरं साठवणारा लेपही निघून आला होता.

दर दसऱ्याला घरात कोयता, विळी, माप यांच्या शेजारी हा कॉम्प्युटर पाटावर बसायचा. गोदू उपाशीपोटी सगळ्यांची पूजा करायची. एकदा ती फ्लॉपीच्या आत कुंकू लावू लागली, तेव्हा बाळाजी म्हणालेही होते, “अगं, वरून लाव.” त्यावर ती म्हणाली होती, “वरून लावून काय? गाणी आत हायत ना?” ते कौतुकाने हसले होते. तेव्हापासून दर दसऱ्याला झडप सरकवून ओल्या बोटाने हळद-कुंकू.

“काही निघेल?”

“न्हाय काका.” धनेशने यंत्र बंद केलं. “गेलं.”

घरी गोदू उंबऱ्यातच बसली होती. “अवो, लागली का तार?”

“लागली.”

“मग?”

बाळाजींनी पिशवी खुंटीला अडकवली. “मशीनच म्हातारी झाली गं. चालायची न्हाय आता.”

“मंजे तिचाच दोस. आपून तर कदी चुकवली न्हाय पूजा.”

“न्हाय चुकवली.”

“तिलाबी माज्यावानी आठवत नसंल.” ती भिंतीला धरून उठली, देवापुढची कुंकवाची वाटी घेऊन आली. “द्या ती इकडं. उद्या हळद हाय घरात. तिला कोरडी कशाला ठेवायची?”

बाळाजींनी खिशातून फ्लॉपी काढली. गोदूने बोट पाण्यात बुडवून कुंकवात टेकवलं. ओल्या बोटाने झडप काही सरकेना.

“थांब,” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच ती उघडून तिच्यापुढे धरली.